चामड्याच्या होल्स्टरवर नक्षी आणि ठसेकाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होल्स्टर म्हणजे पिस्तूल किंवा अवजार कमरेला अडकवायचं चामडी कव्हर. चामड्यावर ठसे मारून ते सजवण्याच्या छंदाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर प्रश्न ६ वाचा. या कामात बिघडणाऱ्या बहुतेक गोष्टींचं मूळ चामड्यातल्या ओलीत असतं, आणि बाकीची अनेक उत्तरं तिथेच येऊन मिळतात.

१. माझ्याकडे बंदूक नाही, घ्यायचीही नाही. मग होल्स्टर करून काय करू?

छंद म्हणून केलेल्या बहुतेक होल्स्टरांत खरी बंदूक कधीच जात नाही. बागकामाची कात्री, इलेक्ट्रिशियनचा पक्कड-टेस्टर, टॉर्च, उसाच्या फडातला कोयता, आखाड्यातली मर्दानी खेळाची कट्यार, नाटकातलं किंवा चित्रीकरणातलं खोटं पिस्तूल, यातल्या कशासाठीही तीच कृती लागते. काहीजण फक्त भिंतीवर लावायला करतात. पाकीट किंवा पट्टा करण्यापेक्षा होल्स्टरमध्ये गंमत जास्त आहे, कारण सपाट चामड्यावर काढलेली नक्षी नंतर घडी पडून, शिवून, वस्तूच्या अंगाला बसते. त्या वळणावरही ती शोभली पाहिजे, याचा विचार पहिल्या रेषेपासून करावा लागतो.

२. आमची मुलगी नेमबाजी शिकते. तिच्या एअर पिस्तुलासाठी करून दिलं तर स्पर्धेत चालेल का?

ऑलिंपिक प्रकारच्या पिस्तूल स्पर्धांमध्ये होल्स्टर वापरतच नाहीत. पिस्तूल टेबलावर ठेवलेलं असतं आणि तिथूनच उचलतात. राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न येणारच, पण रेंजवर पिस्तूल नेताना कडक, कुलपाची पेटीच हवी. मुलीला काही करून द्यायचं असेल तर छर्‍यांच्या डबीसाठी कमरेची नक्षीदार पिशवी करा. तेवढ्यात तुमचाही हात बसेल.

३. टूलिंग आणि स्टॅम्पिंग एकच का?

नाही. स्टॅम्पिंग म्हणजे धातूचा ठसा चामड्यावर ठेवून मोगरीनं मारायचा. एकच ठसा ओळीनं मारत गेलं की चटईची वीण किंवा खवले तयार होतात. टूलिंगमध्ये आधी स्विव्हल नाइफनं, म्हणजे बोटांत फिरणाऱ्या सुरीनं, रेषा कापतात. कापाची खोली चामड्याच्या साधारण एक तृतीयांश. मग बेव्हलर नावाच्या उतरत्या ठशानं त्या कापाची एक बाजू दाबतात, म्हणजे पान किंवा फूल वर उठून दिसतं. सुरुवात स्टॅम्पिंगनं करा. सुरी हातात बसायला वेळ लागतो, ठसा पहिल्याच बैठकीत समाधान देतो.

४. कोणतं चामडं घ्यायचं? दुकानदार "प्युअर लेदर" म्हणतो, तेवढं पुरे का?

पुरे नाही. सालीनं कमावलेलं, म्हणजे व्हेज-टॅन चामडंच लागतं. सालीतल्या टॅनिननं कमावलेले तंतू पाणी शोषून मऊ पडतात, दाबले की दबतात आणि वाळल्यावर तसेच राहतात. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं दाबलं तरी फुगून परत येतं. जॅकेट, पर्स, सोफा यांचं बहुतेक चामडं क्रोमचं असतं.

ओळखायचं असं. कापलेली कड बघा. निळसर किंवा राखाडी छटा दिसली तर क्रोम. पाण्याचा थेंब टाका. व्हेज-टॅन तो पटकन पितं आणि तेवढा भाग गडद होतो, पण तेल किंवा मेण लावलेलं असेल तर ही परीक्षा फसते. शंका उरलीच तर बोटभर तुकडा उकळत्या पाण्यात टाका. व्हेज-टॅन आक्रसून कडक होतं, क्रोमला फारसं काही होत नाही.

जाडी: होल्स्टरला ३ ते ३.५ मिमी. परदेशी व्हिडिओंत ती औंसात सांगतात. १ औंस म्हणजे १/६४ इंच, साधारण ०.४ मिमी. म्हणून तिथलं "आठ-नऊ औंस" म्हणजे आपलं हेच.

५. कोल्हापूरचंच चामडं असताना बाहेरून का मागवायचं? चपलेचं चालत नाही का?

चालतं, आणि सुरुवात त्याच्यावरच करावी असं माझं ठाम मत आहे. इथलं पारंपरिक चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. कातड्याची पिशवी शिवून, तिच्यात सालीचं पाणी भरून टांगून ठेवायची पद्धत या भागात जुनी आहे. म्हणजे ठशाला जे हवं ते या चामड्यात मुळातच आहे. चपलेच्या पट्ट्यांवरची ठशांची नक्षी बघितलीत की शंका उरत नाही.

अडचणी दोन. चपलेच्या तळाचं म्हशीचं चामडं ताठ आणि जाड तंतूंचं असतं. त्यावर मोठे, ठळक ठसे सुंदर उठतात, पण नाजूक पानाच्या शिरा किंवा सुरीची बारीक वळणं नीट येत नाहीत. दुसरं म्हणजे एकाच कातड्यात जाडी आणि कणखरपणा बदलत जातो. म्हणून घेताना पाठीचा भाग मागा. पोटाकडचा भाग ताणला जातो आणि होल्स्टर सैल पडतं.

बारीक फुलापानाचं काम करायचं असेल तर गुळगुळीत दाण्याचं व्हेज-टॅन गाईचं चामडं कोलकाता किंवा तमिळनाडूकडून मागवावं लागतं. घोड्याच्या खोगिराचं जाड चामडं कानपूरकडून येतं. पण इथल्या तुकड्यांवर हात बसल्याशिवाय ते महाग चामडं कापायला घेऊ नका.

६. चामडं वल्लं किती करायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

वेगळं सांगतात कारण हवा वेगळी, चामडं वेगळं. मापानं सांगता येत नाही, खुणांनी सांगता येतं.

स्पंजनं दोन्ही बाजूंनी सारखं पाणी लावा, डाग न ठेवता. जाड चामडं असेल तर पाण्यात थोडा वेळ बुडवलं तरी चालतं. मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर ठेवा. पाणी गाभ्यापर्यंत सारखं पोचायला तेवढा वेळ लागतो. सकाळी बाहेर काढून उघड्यावर ठेवा आणि वाट बघा. पृष्ठभागाचा रंग जवळजवळ मूळ रंगावर आला, पण गालाला लावल्यावर गार लागतं, ही कामाची वेळ. वरून कोरडं, आतून ओलं.

आता एक ठसा मारून बघा. ठशाच्या तळाशी गडद तपकिरी छटा आली आणि कडा धारदार राहिल्या तर बरोबर. ठशाभोवती पाणी पाझरलं किंवा कडा विरघळल्यासारख्या झाल्या तर अजून थांबा. ठसा फिका, उथळ उठला आणि मोगरी टणटण परत आली तर चामडं वाळलंय. जोरात मारून काही होणार नाही, हलका स्पंज फिरवा. नवशिके नेमके इथेच जोर वाढवतात. पृष्ठभाग फाटतो आणि खापर ठशावर फुटतं.

कोल्हापूरच्या हवेत एप्रिल-मेमध्ये चामडं कामाच्या मध्येच वाळतं. ज्या भागावर काम चालू नाही तो प्लास्टिकनं झाकून ठेवा. जुलैत उलट होतं, तीच ओल तासन् तास टिकते, म्हणून पावसाळ्यात पाणी मुळात कमी लावा. पिशवीत दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, उकाड्यात बुरशी येते (प्रश्न १५).

पाणी कुठलं हेही महत्त्वाचं. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर चामडं काळवंडतं (प्रश्न ८). गाळलेलं पिण्याचं पाणी वापरा.

७. सुरुवातीला कोणती हत्यारं लागतात? सगळा संच घ्यावा का?

संच घेऊ नका. स्विव्हल नाइफ, एक गुळगुळीत बेव्हलर, एक चटई-वीण ठसा, एक बारीक ठिपक्यांचा बॅकग्राउंडर (नक्षीमागची जागा दाबायला) आणि एक नाशपातीच्या आकाराचा शेडर (पानाफुलांना छटा द्यायला), एवढ्यात वर्षभर पुरेल इतकं काम होतं. मोगरी नायलॉनची किंवा लाकडाची. लोखंडी हातोडी नको, ठशाची डोकी चेपतात.

खाली ठोकायला ग्रॅनाइटची लादी लागते. लादीवाल्याकडे ओट्याचे कापून उरलेले तुकडे पडून असतात, दोन इंच जाडीचा मिळाला तर उत्तम. पातळ असतील तर दोन एकावर एक चिकटवा. रापी (चामडं कापायचं-तासायचं पातं) आणि आरी (भोकं पाडायची) चांभारी सामानाच्या दुकानात मिळतात, आणि परदेशी स्कायव्हिंग नाइफपेक्षा आपली रापी हाताला जास्त सरस बसते.

ठसे मात्र इथेच करून घेता येतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्याकडून स्टेनलेस स्टीलच्या सळईचे चार-पाच इंची तुकडे कापून घ्या, तोंडावर कानशीनं आणि बारीक ग्राइंडरनं नक्षी कोरा, शेवटी पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा. ठशाची धार तीक्ष्ण ठेवू नका. ठसा चामडं दाबतो, कापत नाही. कडा किंचित मोडलेल्या असल्या तरच ठसा स्वच्छ उठतो.

८. काम करताना चामड्यावर निळे-काळे डाग पडले. निघतील का?

हे डाग लोह आणि टॅनिन यांच्या संयोगाचे. ओल्या चामड्यावर कानशीचा भुगा, गंजलेली आरी, लोखंडी पट्टी किंवा लोहयुक्त पाणी लागलं की पडतात. लिंबाचा रस पाण्यात मिसळून कापसानं टिपा, मग साध्या पाण्यानं पुसून घ्या. ताजे डाग बहुतेक निघतात. जुन्या डागांवर ऑक्सॅलिक ॲसिडचं पातळ द्रावण लागतं. ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि मुलांपासून दूर ठेवा. डाग गेला तरी तेवढा भाग थोडा फिका पडतो, म्हणून पूर्ण तुकड्यावरच हलका हात फिरवा.

हीच क्रिया मुद्दाम वापरून चामडं काळं करता येतं. व्हिनेगरमध्ये लोखंडाची लोकर (स्टील वूल) काही दिवस मुरवून ते पाणी चामड्यावर फिरवलं की काळा रंग तंतूंतच तयार होतो. तो हाताला लागत नाही, कपड्यालाही नाही.

९. फ्लॅटमध्ये राहतो. ठोकण्यानं शेजारी वैतागलेत.

लादीखाली वाळूची पिशवी आणि तिच्याखाली जाड रबरी चटई ठेवा. टेबलाच्या मधोमध ठोकू नका, पायाच्या बरोबर वर ठोका. मोगरी जड आणि फटका छोटा असला की आवाज कमी, ठसा खोल. तरीही रात्री नऊनंतर सुरीचं आणि शिलाईचंच काम करा.

१०. नक्षी कुठली काढू? सगळीकडे तीच अमेरिकन फुलं दिसतात.

ती शेरिडन शैली. वायोमिंगमधल्या शेरिडन गावच्या डॉन किंग या खोगीर कारागिराचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. गोल फिरणाऱ्या वेली, प्रत्येक वर्तुळात एक फूल, आणि एकमेकांत गुंतलेली वर्तुळं. शिकायला ती उत्तम आहे, कारण वेलीचा ओघ कसा ठेवायचा हे ती शिकवते.

पण तेवढ्यावर थांबू नका. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातले फुलापानांचे दगडी पट्टे बघून या. कोयरी, पैठणीच्या काठाची वेल, कापशी चपलेच्या पट्ट्यावरची भौमितिक रांग, सगळं चामड्यावर छान उतरतं. नक्षी निवडताना एकच कसोटी लावा. ती फक्त दबलेल्या आणि उठलेल्या भागांत वाचता आली पाहिजे. ज्या चित्राला रंगाशिवाय अर्थ नाही, ते चामड्यावर फिकं पडतं.

कागदावर पूर्ण काढा, मग ट्रेसिंग फिल्मवर घ्या, मग ओल्या चामड्यावर बोथट टोकानं उमटवा. बॉलपेन वापरू नका, शाई कायमची राहते.

११. मराठीत नाव कसं कोरायचं? इंग्रजी अक्षरांचे ठसे मिळतात, आपले नाहीत.

सुटी अक्षरं घेऊन देवनागरी जुळवायला गेलात तर शिरोरेषा तुटते, वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात. नाव सुरीनंच काढा. आधी शिरोरेषा एका कापात, मग दंड, मग गोलाया. बेव्हलर अक्षराच्या बाहेरच्या बाजूनं फिरवा, म्हणजे अक्षर वर उठेल. अक्षराची उंची निदान १५ मिमी ठेवा. त्याहून लहान 'क्ष' किंवा 'ज्ञ'ची पोटं बुजतात.

एकच नाव किंवा खूण वारंवार लागणार असेल तर पितळी ब्लॉक करून घ्या. ब्लॉकवर अक्षरं आरशातली, उलटी असावी लागतात. ऑर्डर देताना ते स्पष्ट सांगा आणि हाती आल्यावर आधी मळलेल्या कणकेवर दाबून बघा.

१२. होल्स्टरवर अंबाबाईची प्रतिमा किंवा शिवमुद्रा काढून द्याल का, असं लोक विचारतात. काढावी का?

मी काढत नाही. चामड्यावर, त्यात कमरेखाली लटकणाऱ्या वस्तूवर, देवाची प्रतिमा किंवा महाराजांची मुद्रा अनेकांच्या मनाला लागते, आणि त्यांची भावना खरी आहे. सूर्य, कमळ, हत्ती, तलवारीची मूठ असे पर्याय सुचवले की मागणारे बहुतेक वेळा मान्य करतात.

१३. नक्षी आधी की शिलाई आधी? मी शिवून, आकार देऊन मग ठसे मारायला गेलो तर जमेना.

नक्षी आधी, कायम. शिवलेल्या होल्स्टरच्या आत लादी जात नाही. क्रम असा: कागदी फरमा, कापणं, ओलवणं, नक्षी, वाळवणं, रंग, शिलाई, आकार देणं, शेवटचा हात.

खरी अडचण आकार देताना येते, कारण चामडं पुन्हा ओलं करावं लागतं आणि मेहनतीनं उठवलेली नक्षी सैल पडते. तीन गोष्टी सांभाळा. एक, ओल आतल्या बाजूनं आणि कमी द्या. दोन, पिस्तुलाचा घोडा, नळीचं टोक अशा फुगणाऱ्या जागांवर बारीक नक्षी ठेवूच नका. तिथे साधा ठिपक्यांचा पोत द्या किंवा मोकळं सोडा. तीन, नक्षीच्या बाजूनं हाडाची किंवा लाकडाची पट्टी घासू नका, अंगठ्यानंच दाबा. वाळायला लागल्यावर एखाददुसरी कड बेव्हलरनं हलकेच परत दाबता येते.

नक्षी करताना चामडं पसरतं आणि फरम्याला बसेनासं होतं. त्यासाठी काम सुरू करण्याआधी मागच्या बाजूला रुंद पॅकिंग टेप आडव्या-उभ्या चिकटवा. शिलाईच्या रेषेपासून ५-६ मिमी आतच नक्षी थांबवा.

डावखुऱ्यांसाठी: फरमा उलटा करा, पण नाव उलटं करू नका. डाव्या कमरेचं होल्स्टर करताना वेल आरशातली चालते, अक्षरं नाहीत. त्यांचं ट्रेसिंग वेगळ्या तुकड्यावर ठेवा.

आणि वाळवताना हीटर, इस्त्री, ऑक्टोबरचं दुपारचं ऊन नको. ओलं व्हेज-टॅन चामडं साधारण ७०-८० अंश सेल्सिअसला आक्रसतं, आणि आक्रसलेलं परत येत नाही. पंख्याखाली, सावलीत, एक-दोन दिवस.

१४. शिलाई मशीनवर करू का? आणि शेवटी तेल कुठलं?

घरगुती मशीनला दोन थर मिळून ७ मिमी झेपत नाहीत. हातशिलाईच करा: एक दोरा, दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी. या टाक्यात एका बाजूचा दोरा झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो. मेण लावलेला पॉलिस्टर दोरा घ्या. सुती दोरा आपल्या पावसाळ्यात कुजतो. कडा पाणी लावून लाकडी गोल दांड्यानं घासा, मग मधमाशीचं मेण.

तेल थोडंच. नव्या चपलेला घरी खोबरेल किंवा एरंडेल पाजतो तसं होल्स्टरला पाजू नका. जास्त तेलानं चामडं मऊ पडतं, नक्षी बसते आणि रंग गडद होतो. फडक्यावर चार थेंब घेऊन एक पातळ हात, एवढंच. नक्षीच्या खाचांत गडद छटा हवी असेल तर आधी वरच्या भागावर रेझिस्टचा, म्हणजे रंग मुरू न देणाऱ्या लेपाचा, थर द्या, मग अँटिक पेस्ट फासून लगेच पुसा. रेझिस्ट न देता पेस्ट लावली तर सगळंच तपकिरी होतं.

१५. पावसाळ्यात पांढरी बुरशी आली. फेकून द्यायचं का?

फेकू नका. उघड्या हवेत, घराबाहेर, कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. मग रबिंग अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडकं ओलसर करून पुसा, आणि सावलीत वाळवा. अल्कोहोलनं काही रंग निघतात, म्हणून आधी मागच्या बाजूला तपासा. तयार होल्स्टर प्लास्टिकच्या पिशवीत कधीच ठेवू नका. सुती पिशवीत, भिंतीपासून सुटं, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बाहेर काढून हवा दिलीत तर पुन्हा सहसा येत नाही.

१६. ओळखीच्या परवानाधारकाला खऱ्या रिव्हॉल्व्हरसाठी हवंय. माप घ्यायला ते माझ्याकडे ठेवून घेऊ का?

नाही, एक रात्रसुद्धा नाही. शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय बंदूक-पिस्तूल ताब्यात ठेवता येत नाही, आणि "मी फक्त चामडं बसवत होतो" हे उत्तर पुरत नाही. मालकानं स्वतः, रिकामं असल्याची दोनदा खात्री करून, कागदावर रेघ मारून द्यावी आणि जाडीची मापं घ्यावीत. आकार देण्यासाठी त्या मापाचा सागवानी नमुना सुताराकडून करून घ्या. नमुना प्लास्टिकमध्ये गुंडाळून वापरा, म्हणजे ओलीनं फुगत नाही.

सुरक्षिततेचा भाग नक्षीपेक्षा वरचा. ट्रिगर गार्ड, म्हणजे ट्रिगरभोवतीची कडी, पूर्ण झाकला गेला पाहिजे. तोंडाकडचं चामडं मऊ पडून आत दुमडत असेल तर ते होल्स्टर बाद करा. दुमडलेलं चामडं ट्रिगरवर येऊन गोळी सुटू शकते. वर पकडपट्टा हवाच. हे नेमकेपणानं जमत नसेल तर खऱ्या शस्त्राचं काम घेऊ नका, शोभेचं करा.

मालकाला आणखी एक सांगा: शस्त्र होल्स्टरमध्ये साठवू नये. चामडं हवेतली ओल धरतं आणि पोलादाला गंज चढतो. तलवार-कट्यारीच्या चामडी म्यानालाही हेच लागू.

१७. चप्पल करणाऱ्या कारागिरांकडून शिकता येईल का?

येईल. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये मुख्यतः दुकानं आहेत. हात चालतात ते सुभाषनगर, जवाहरनगर भागात आणि कापशीसारख्या गावांत. हंगामाच्या गर्दीत जाऊ नका, वेळ ठरवून जा, आणि शिकवण्याच्या वेळाचे पैसे द्या. रोजंदारी बुडवून ते तुम्हाला दाखवत असतात. चामडं पाहून जागा सांगणं, रापीला धार लावणं, वादीनं शिवणं, या गोष्टी व्हिडिओत कळत नाहीत, त्यांच्या शेजारी बसूनच कळतात. त्यांची नक्षी वापरलीत तर कुणाकडून घेतली ते सांगा.

१८. विकताना "अस्सल कोल्हापुरी" असं लिहू का? जीआय आहे ना आपल्याला?

२०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन (जीआय) कोल्हापुरी चपलेचं आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. होल्स्टर त्यात नाही, म्हणून जीआयचं चिन्ह लावता येणार नाही. "कोल्हापुरात हातानं केलेलं" हे लिहा, ते खरं आहे. इथलंच चामडं वापरलं असेल तर "बाभूळ-हिरड्यानं कमावलेलं" हेही लिहा, आणि ते कमावणाऱ्यानं परवानगी दिली तर त्याचं नावही. बाहेरून मागवलेल्या चामड्यावर काम केलं असेल तर तसं सांगा. गिऱ्हाईक विचारतं, आणि विचारायलाच हवं.